फॅक्सच्या काचेवरचं कुंकू

माझ्या मुलीनं बारामतीत झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा नव्या मशीनच्या पूजेला तिनं मलाच पुढं केलं. मी करंडा हातात घेतला, कुंकवाचं बोट मशीन ठेवलेल्या टेबलाच्या पायाला लावलं आणि करंडा बंद केला. जावई हसले. म्हणाले, "आई, पूजा मशीनची आहे, टेबलाची नाही." मी म्हटलं, "टेबल बिघडत नाही." सगळ्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. गंमत कसली? मी नास्तिकही नाही. बिरोबाला हात जोडल्याशिवाय मी सकाळचा चहा घेत नाही. पण यंत्राला कुंकू लावण्यापायी माझं एकदा होतं नव्हतं ते गेलंय, आणि ते कसं गेलं हे मुलीलाही मी कधी धड सांगितलेलं नाही.

माझं माहेर जळोची. बारामतीच्या कडेला असल्यामुळं मला कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं, म्हणून बारावी झाले. नंतर लग्न करून इंदापूरच्या बाजूला, लासुर्ण्याजवळच्या एका गावात आले. सासरच्या लोकांनी दोन पिढ्यांमागं मेंढरं राखली होती, आता ऊस होता. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. घरात सासूबाई, धाकटे दीर आणि नंतर त्यांची बायको, माझी जाऊ. मुलगी रांगायला लागली त्या उन्हाळ्यात माझे मालक विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले.

त्या दिवशी गावातल्या बायकांनी मला अंगणात बसवलं, बांगड्या दगडावर फोडल्या आणि माझं कपाळ ओल्या पदरानं पुसलं. पदर सासूबाईंचा होता. त्यांचाही मुलगा गेला होता, म्हणून त्याबद्दल मी त्यांना तेव्हा काही म्हटलं नाही. पण त्यांचा हात थरथरला नाही, एवढं मी बघितलं. दुपार व्हायच्या आत सगळं आटोपलं होतं.

पुढं वर्षभरानं गावात टेलिफोनचा बूथ द्यायचा होता. अर्ज करणारा शिकलेला पाहिजे अशी अट होती. दीर नववी नापास, आबा अंगठेबहाद्दर. घरात कागदावर चालेल असं माणूस मी एकटी. म्हणून परवाना माझ्या नावावर आला. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या फाट्यावर पत्र्याचं शेड मारलं, पिवळी पाटी लावली, आणि मी तिथं बसायला लागले.

आता खरं सांगते, तो बूथ मला आवडायचा. नवरा गेलेल्या बाईला गावात जागाच नसते. माणूस लग्नाला निघो, नाहीतर कोर्टाच्या तारखेला, वाटेत मी समोर आले की चपला काढून परत घरात जायचा, घोटभर पाणी प्यायचा, मग पुन्हा निघायचा. तोच माणूस सकाळी सातच्या आत बूथच्या दारात उभा असायचा, कारण तेव्हा फोनचे दर कमी असायचे. स्वस्ताईपुढं अपशकुनाचं काही चालत नाही. "बाई, पुण्याचा तेवढा लावून द्या," म्हणत दिवसातलं पहिलं तोंड माझंच बघायचे. मी नंबर फिरवायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, प्या आता पाणी.

बायकाही यायच्या. माहेरी फोन करताना त्यांना बोलता यायचं नाही, नुसत्या रडायच्या. मी बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहायचे. आत काय बोलणं झालं ते मी कधी ऐकलं नाही आणि कुणाला विचारलंही नाही. त्यामुळं लांबच्या वस्त्यांवरच्या बायकासुद्धा चालत माझ्याच बूथवर यायच्या.

पहिल्या वर्षी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बाईमाणूस फाट्यावर बसतंय हे कुणालाच खटकलं नाही. बूथ चालायला लागल्यावर मात्र ते दिरांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. "वैनी, फाट्यावर कसली कसली मानसं येत्यात. तुमी घरी बरं. मी बसतो तितं," असं ते काळजीच्या सुरात म्हणायचे. त्यांना तिथं थंड पेयांची पेटी ठेवायची होती आणि मित्रांना बसायला दोन खुर्च्या. जाऊ नुकतीच घरात आली होती. नवऱ्याचं बोलणं चाललं की भाकरी थापताना तिचा हात थांबायचा.

अशात फॅक्सचं निघालं. आमच्या भागात डाळिंबं आणि द्राक्षं वाढली होती. मुंबईचे व्यापारी बागाईतदारांना सांगायचे, कागद फॅक्स करा. त्यासाठी एक तर बारामतीला जा, नाहीतर इंदापूरला. बागाईतदार मला म्हणायचे, "बाई, एक मशीन ठिवा की. सकाळचा कागद दुपारला पोचंल." मी घरात विषय काढला. दिरांनीही लगेच आपला विषय काढला. दोन दिवस नुसती धुसफूस झाली. शेवटी आबांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

आमच्याकडं शपथ भंडाऱ्याची. देवाच्या हळदीची चिमूट हातात घेऊन शब्द दिला की तो मोडत नाहीत, असं म्हणतात. आबांनी देवळीतला भंडारा चिमटीत घेतला आणि म्हणाले, "मशीन घ्या. थोरलीनं ती चालवून दावायची. चालली, तर बूथ हिचा. जलमभर हिचा, कुनी काय बोलायचं न्हाय. न्हाय चालली, तर धाकटा बसंल तितं." त्यांनी भंडारा माझ्या पुढ्यात उधळला. मी त्याला हात लावून तो कपाळाला लावला. भंडारा मला चालत होता, एवढी मेहेरबानी होती.

मशीन बारामतीहून आलं. दुकानदाराचा माणूस घेऊन आला, खोक्याचे पट्टे कापले, वायर जोडली आणि दुकानाच्या नंबरवर कागद लावला. मशीननं शिट्ट्या मारल्या, कागद चार बोटं आत ओढला आणि थांबलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यानं तीनचारदा करून बघितलं, घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या गावाला तारेची लाईन नाही. टॉवरवरून हवेतनं आवाज येतो. ही लाईन बोलायची आहे, फॅक्सची नाही." मी म्हटलं, "मग विकताना का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "विकतो मी नाही, मी फक्त जोडतो." सही घेऊन तो मिळेल त्या गाडीनं परत गेला. दीर शेडच्या दारात उभे होते. त्यांनी जागा मोजल्यासारखी शेडभर नजर फिरवली.

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. बारावीचं इंग्रजी किती ते मला माहीत होतं, पण पुस्तिका लिहिणाराला माहीत नव्हतं. डिक्शनरी माहेरून मागवली आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचत बसायला लागले. इंदापूरच्या एसटी स्टँडजवळ एक बूथवाले होते, पाय पोलिओनं अधू झालेले. त्यांच्याकडं फॅक्स होता. परवान्याच्या कामात त्यांची माझी ओळख झाली होती, मला ताई म्हणायचे. ते म्हणाले, "तुम्ही पाठवत राहा, मी इथं बघून सांगतो काय येतंय ते."

काहीच येत नव्हतं. कधी अर्धी ओळ, कधी नुसता डाग. मग फोन करून आम्ही बोलायचो, तर त्यांच्या बोलण्यातलेही मधले मधले शब्द गळायचे. मी म्हणायचे, सावकाश बोला. ते सावकाश बोलले की कळायचं. असं रोजच चालायचं आणि एके दिवशी माझ्या डोक्यात आलं, माणसाला सावकाश बोल म्हणतोय, तर मशीनला का म्हणू नये? पुस्तिका पुन्हा उघडली. वेगाचं पान होतंच त्यात, मी ते दोनदा ओलांडून गेले होते. वेग एक पायरी खाली आणला, तेव्हा अर्धा कागद गेला. सगळ्यात खाली आणला, तर शेवटच्या चार ओळी राहिल्या. आणखी एक सोय त्यात होती. पलीकडच्या मशीनला काही चुकलेलं दिसलं की ते तेवढा भाग पुन्हा मागून घ्यायचं. चांगल्या लाईनवर ते ठीक, पण आमच्या लाईनवर ते इतक्यांदा मागत बसायचं की फोनच तुटायचा. ती सोय मी बंद करून टाकली. चुका काढणारी माणसं घरात होती तेवढी पुरे होती.

मग एक कोरा कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "हा बूथ माझा आहे." कागद लावला. मशीन कण्हत कुंथत, पण न थांबता चाललं. कागद खालून पूर्ण बाहेर आला. पाच मिनिटांत इंदापूरहून फोन आला. त्यांनी वाचून दाखवलं, "हा बूथ माझा आहे. बरोबर का ताई? अगदी स्वच्छ आलंय." मी हो म्हणाले आणि फोन ठेवून लिंबाखाली जाऊन उभी राहिले. त्या दिवशी तिथं उभं राहून मी रडले, आणि ते रडू मला गोड लागलं.

घरी येऊन सांगितलं. आबा म्हणाले, "ब्येस झालं." सासूबाई म्हणाल्या, "मग आता पूजा करून घिऊ, तवर गावाचा कागद लावू नगं." पूजा करायला माझी ना नव्हतीच. आपल्याकडं ट्रॅक्टर आला की पूजा, मोटार बसवली की पूजा. मी स्वतः शेड झाडलं, मशीन पुसलं, टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं आणि नारळ आणून ठेवला.

पूजेच्या सकाळी शेडपुढं पंचवीसतीस माणसं जमली. सासूबाईंनी पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. त्यांत पहिला मान जावेचा. तिनं लग्नातला शालू नेसला होता. मी मशीनजवळ उभी होते, चालू कसं करायचं ते मलाच ठाऊक होतं म्हणून. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू जरा मागं हो." मी मागं झाले. गर्दीच्या मागं, पत्र्याला टेकून उभी राहिले. माझ्या शेडमध्ये, माझ्या परवान्यावर, मी लावलेलं मशीन, आणि त्याची पूजा मी टाचा उंचावून बघत होते.

जावेनं करंड्यातल्या कुंकवात पाणी घातलं, बोट बुडवलं आणि थबकली. बैलाला कपाळ असतं. ट्रॅक्टरला बॉनेट असतं. ह्या पेटीला लावायचं कुठं? ती सासूबाईंना म्हणाली, "आत्या, ह्याचं त्वांड कुठं हाय?" दीर पुढं झाले. त्यांनी बारामतीच्या माणसाला एकदा झाकण उघडताना बघितलं होतं. त्यांनी खटकन झाकण उघडलं आणि म्हणाले, "कागूद हितनं खातंय. हेच त्वांड."

आत काचेची बारीक पट्टी असते. कागद तिच्यावरून सरकतो आणि मशीन त्या काचेतून कागद वाचतं. मशीनचा डोळाच तो. मी मागून ओरडले, "आत नको! काचेला नका लावू, वर लावा!" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात शिवीपेक्षा जास्त काही होतं. "सवाष्णीचं बोट आडवायला हिला हीच येळ घावली," त्या म्हणाल्या. कुणीतरी "असू दे, असू दे" म्हणालं. जावेनं काचेवर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं. तिच्यामागं उरलेल्या चौघींनी एकीशेजारी एक ओढलं. आबांनी वरून भंडारा टाकला. दिरांनी झाकण लावलं, नारळ फुटला आणि पेढे वाटले. मलाही पेढा मिळाला.

पहिला कागद गावातल्या मोठ्या डाळिंबवाल्याचा. तासाभरानं मुंबईहून व्यापाऱ्याचा फोन आला. कागद पूर्ण आलाय, पण वरपासून खालपर्यंत पाच काळे पट्टे आहेत, आकडे वाचता येत नाहीत. पुन्हा पाठवला, पुन्हा पाच पट्टे. दुसऱ्या दिवशी एका द्राक्षवाल्याचा, त्यालाही पाच. काचेवर जिथं डाग असतो, तिथं सरकत्या कागदावर सरळ रेघ उमटते. मला हे कळत होतं. पाच बोटं, पाच पट्टे. इतका सरळ हिशेब शाळेतही नसतो.

गावानं वेगळाच हिशेब केला. आधी कुजबुज, मग उघड. "पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात लागला पैल्यांदा. मशिनीला बी कळतंय की." हे सकाळी सातच्या आत माझ्या बूथवर फोन करणारेच म्हणत होते. डाळिंबवाले परत इंदापूरला जायला लागले. दीर आबांना म्हणाले, "झालं न्हवं? न्हाय चालत ती मशीन."

मी आबांना, सासूबाईंना, सगळ्यांना समजावून सांगितलं. काच पुसली की झालं. कापसाचा एक बोळा आणि दोन मिनिटांचं काम. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "पाच सवाष्णींचं कुंकू हाय ते. कुनी पुसायचं न्हाय. आन् तू तर न्हायच न्हाय."

"मग धाकटीनं पुसावं," मी म्हटलं.

जाऊ दोन पावलं मागं सरली. "माझ्या कुंकवाला मीच हात लावू व्हय? ह्यांचं काय बरंवाईट झालं मंजी?"

पुरुषांपैकी कुणी पुढं येईना. बायकोच्या नावानं लावलेलं कुंकू म्हणजे आपलंच आयुष्य, ते आपल्या हातानं कोण पुसणार? म्हणजे पुसलं नाही तर मशीन चालणार नाही, आणि चाललं नाही तर बूथ जाणार. आबा खाली बघत तंबाखू मळत बसले. त्या घरात एक कुंकू न थरथरता पुसलं गेलं होतं आणि त्याला चार वर्षं झाली नव्हती. मला ते तिथंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी बूथवर गेले. सकाळची वेळ, दार सताड उघडं, समोर रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. कापूस आणायचा राहिला होता. मी मशीनची वायर काढली, झाकण उघडलं, पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवून पिळलं आणि काच पुसली. मग कोरड्या पदरानं पुन्हा पुसली. चोरून काही केलं नाही. तोच जुना कागद काढला आणि इंदापूरला लावला. बूथवाल्यांचा फोन आला. "हा बूथ माझा आहे. एकही रेघ नाही, ताई." मी डाळिंबवाल्याला निरोप धाडला. त्याचा कागद गेला. मुंबईहून उलटा फोन आला, सगळं स्वच्छ वाचता येतंय. दुपारपर्यंत आणखी दोन कागद गेले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि सासूबाईंची नजर माझ्या पदरावर गेली. पांढरट पातळावर कुंकवाचा डाग लांबून दिसत होता. त्यांनी पदर हातात धरला आणि जी किंकाळी फोडली, ती चार घरं ऐकायला गेली. जाऊ तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. उरलेल्या चार सवाष्णी अर्ध्या तासात आमच्या अंगणात होत्या, आणि त्यांच्यामागं त्यांचे धडधाकट नवरे. मी म्हटलं, "बघा, जिवंत आहेत सगळे." ते बोलायला नको होतं असं पुढं मला खूप जणांनी सांगितलं.

मग मी आबांसमोर उभी राहिले. "आबा, मशीन चाललं. आज तीन कागद गेले. तुम्ही भंडारा उचलला होता."

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उचलला व्हता. मशीन चालवून दाव म्हनलो व्हतो. सवाष्णींचं कुंकू पुसून चालव, आसं म्हनलो न्हवतो."

देवाची शपथ मोडायची नसते म्हणतात ते खरं आहे. ती मोडत नाहीत, वाकवतात. दुसऱ्या दिवसापासून बूथवर दीर बसायला लागले. परवाना माझ्याच नावावर राहिला, कारण नववी नापासाच्या नावावर तो होत नव्हता. कुठं सही लागली की कागद चुलीपाशी यायचा आणि मी हात पुसून सही करायचे. न करून सांगते कुणाला! मुलीला घेऊन जळोचीला निघून जायचं मनात यायचं, पण भावाच्या संसारात किती दिवस राहणार?

सगळ्यात जास्त मला कशानं जाळलं सांगू? मशीन सुरेख चालत होतं. मी लावलेल्या सावकाश वेगावर, मी पुसलेल्या काचेतून, दिवसाला पाचसहा कागद जात होते. आणि गाव म्हणत होतं, बघा, जागेवर पुरुषमाणूस बसला आणि मशीन सुधारली. फोनवर रडायला येणाऱ्या बायका मात्र यायच्या बंद झाल्या. दीर बाहेर जाऊन उभे राहत नव्हते.

मग दसरा आला. खंडेनवमीला घरातलं लोखंड न् लोखंड पूजतात, तशी मशीनचीही पूजा झाली. ह्या वेळी मी मागंसुद्धा उभी नव्हते, घरी पुरण वाटत होते. पाच सवाष्णी, पाच बोटं. त्वांड कुठं हाय ते आता सगळ्यांना माहीत होतं.

चारपाच दिवसांनी दुपारी जाऊ परसदारानं आली. हातात रिकामी वाटी होती, कुणी बघितलं तर साखर मागायला आले म्हणता यावं म्हणून. तिनं आधी मागं वळून दार लोटलं. मग म्हणाली, "आक्का, उलीसं बूथवर येता का? मागल्या दारानं. ते आतलं पुसायचं हाय. कागदाला पट्टं पडाय लागल्यात."

"तू पूस की," मी म्हटलं.

"आसं काय करता? माझं कुंकू हाय त्यात."

"आणि मी पुसलं तर काही होत नाही? मागच्या वेळी तर गाव गोळा झालं होतं."

"तवा सगळ्यांना दिसलं. आता कुनाला कळनार न्हाय." ती चुलीकडं बघत म्हणाली, "तसंबी आक्का, तुमचं आता काय जायाचं राह्यलंय?"

ती दुष्ट बाई नव्हती. तिनं ते टोचायला म्हटलं नाही, तिला ते खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणून ते मला जिव्हारी लागलं. मी हातातलं काम ठेवलं आणि म्हटलं, "येते. पण दिवसा येईन, पुढच्या दारानं. माझ्या खुर्चीवर बसून पुसेन. आणि आबांनी चार माणसांत सांगायचं, की कुंकू पुसायला हिला आम्ही बोलावलंय."

जाऊ वाटी घेऊन गेली. संध्याकाळी सासूबाईंनी मला ऐकू जाईल असं ओसरीवर सांगितलं, "तिच्या पाया पडायची येळ अजून आली न्हाय आमच्यावर."

मग त्यांनी बारामतीच्या माणसाला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, हसला आणि खिशातून कापूस काढला. सासूबाई हात पसरून मशीनला आडव्या झाल्या. काचेला हात लावायचा नाही, बाकी काय दुरुस्ती करायची ती बाहेरनं कर, म्हणाल्या. तो बिचारा बाहेरून काय करणार? ह्या वेळी त्यानं सहीसुद्धा घेतली नाही.

दिवाळीपर्यंत पट्ट्यांचे कागद गेले. मग कागदच यायचे थांबले. बागाईतदारांनी इंदापूर धरलं. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. लिंबाखाली रडले होते त्या दिवशी वाटलं होतं, तेवढं बरं वाटलं. दिरांनी मशीन गोणपाटात गुंडाळून घरच्या माळ्यावर टाकलं आणि त्या जागी थंड पेयांची पेटी ठेवली. पुढं घरोघर फोन आले आणि बूथही बंद पडला. पण तोवर, भावाच्या घरी जे होईल ते होवो म्हणत, मी मुलीला घेऊन जळोचीला आले होते.

सासूबाई गेल्या तेव्हा मी गावी गेले होते. तेराव्याची भांडी काढायला जावेनं मला माळ्यावर चढवलं. कोपऱ्यात गोणपाट दिसलं. मी ते सोडलं आणि झाकण खटकन उघडलं. काचेवर पाचही बोटं होती, वाळून काळपट पडलेली, एकही पुसलेलं नाही. आमच्याकडं एखादी बाई नवऱ्याच्या आधी गेली, तर तिच्या कपाळाला मळवट भरतात आणि म्हणतात, अहेव गेली, भाग्याची. त्या घरात माझं कुंकू दुपारच्या आत पुसलं. मशीन मात्र अहेव गेलं.

मी झाकण लावलं, गोणपाट पुन्हा बांधलं आणि भांडी खाली दिली.